नावेचे इंजिन आणि नदीचा तळ

मंडळी, दौंडहून मनमाडकडे निघालात, की गाव मागे पडते न पडते तोच गाडी भीमेच्या पुलावर खडखडू लागते. हा लोहमार्ग १८७८ सालचा. त्याच्या वीस वर्षे आधी, १८५८च्या डिसेंबरात, पुण्याहून दिक्सळपर्यंतची आगगाडी दौंडावरून धावू लागली होती. मुंबईचा माल दौंडात येऊन पडू लागला. पण नदीकाठच्या खेड्यातला माणूस पैलतीरी सोयरिकीला किंवा बाजाराला जायचा, तो आपला होडीनेच. रेल्वेचा पूल रेल्वेसाठी. गावाची सोय नावाड्याकडे.

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके नद्यांनी बांधलेले आहेत. शिरूरला तर लोक नदीच्याच नावाने घोडनदी म्हणतात. पुण्याकडून येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते आणि घोड पुढे येऊन तिच्यात शिरते. इतके पाणी म्हटल्यावर ते ओलांडण्याची विद्याही आलीच.

ही विद्या कशी होती, ते पाहा. नाव नसली तर वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधायची. पूर आला आणि अडचण पडली, तर गूळ कढवायची काहील पाण्यात लोटायची आणि तिच्यात माणसे बसवायची. भोपळा मळ्यातला, काहील गुऱ्हाळातली. दोन्ही वस्तू मुळात नदीसाठी केलेल्या नव्हेत. एका कामाची वस्तू दुसऱ्या कामाला लावणे ही आपल्या लोकांची जुनी हातोटी. मात्र त्यात एक अलिखित नियम होता. काहील आधी काठाच्या उथळ पाण्यात ठेवून बघायची, कुठे पाझरते का ते पाहायचे, मगच तिला धारेत घालायची. हा नियम ध्यानात ठेवा. शेवटी आपण त्याच्याचपाशी येणार आहोत.

पुढे पाणी बदलले. १९६५ साली शिरूर तालुक्यात चिंचणी येथे घोड धरण झाले. १९८० साली उजनी पुरे झाले आणि त्याचा फुगवटा धरण भरले की दौंड तालुक्याच्या हद्दीपर्यंत येऊ लागला. नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. जिथे वल्ह्याच्या चार फटक्यांत पार व्हायचे, तिथे पाणी अफाट पसरले, आणि वल्ह्याच्या जागी इंजिन हवे असे वाटू लागले. असे इंजिन नवे घ्यायचे तर खिसा रिकामा होतो, म्हणून माणूस वापरलेले शोधतो. इंजिन मिळाले, तर ते पाण्यातून वर उचलणारे यंत्र वापरलेले मिळते का, ते बघतो. या उचलत्या यंत्राला आउटबोर्डवाले ‘पॉवर टिल्ट अँड ट्रिम’ म्हणतात. आज त्याचीच कुळकथा सांगायची आहे.

नावेच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे इंजिन म्हणजे आउटबोर्ड. असे इंजिन व्यवहारात आणणाऱ्यांत ओले एव्हिनरूड याचे नाव मोठे आहे. हा १८७७ साली नॉर्वेत जन्मला आणि लहानपणीच अमेरिकेत गेला. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगतात. उन्हाळ्यात तळ्याकाठी सहल गेली होती. याच्या वाग्दत्त वधूला आइस्क्रीम हवे झाले. हा वल्हे मारीत पैलतीरी गेला, पण परत येईतो आइस्क्रीमचे पाणी झाले! गोष्ट खरी असो वा रचलेली, १९०९ साली मिलवॉकी शहरात त्याने केलेले दीड अश्वशक्तीचे इंजिन मात्र खरे होते. त्याच्याही आधी कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या अमेरिकनाने असे इंजिन बाजारात आणले होते. एव्हिनरूडचे यंत्र जास्त सोयीचे ठरले, एवढेच.

आता तुम्ही म्हणाल, इंजिन अडकवले, पंखा फिरला, नाव चालली. मग ते वर उचलायचे कशाला? मंडळी, याचे उत्तर आपली भीमाच देते. बंधाऱ्याचे बर्गे काढले की पाणी उतरते आणि काल जिथे पुरुषभर पाणी होते तिथे आज खडक डोके काढतो. कुठे जलपर्णीचा गालिचा, तर कुठे बुडालेले बाभळीचे खोड. पंखा त्यावर आदळला तर पाती मोडतात. म्हणून उथळात इंजिन वर घ्यावे लागते. लहान इंजिन हाताने उचलता येते. पण मोठी इंजिने शंभर किलोंच्या घरात किंवा त्याहून जड असतात. डुलत्या नावेत पाठीमागे वाकून तेवढे ओझे कोण उचलणार?

हे ओझे उचलते तेल. आणि त्याची कथा नावेपेक्षा जुनी आहे. ब्लेझ पास्कल या फ्रेंच पंडिताने दाखवून दिले, की बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सर्व बाजूंना सारखा पोहोचतो. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली, छापला गेला. त्या तत्त्वावर कामाचे यंत्र उभे राहायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. १७९५ साली इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने पाण्याच्या दाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याची अडचण कोणती होती? दाब वाढला की दांड्याच्या कडेने पाणी निसटायचे. तोड निघाली ती चामड्याच्या वाटीने, आणि तिचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातला कारागीर हेन्री मॉडस्ले याला देतात. सायकलच्या पंपातले चामड्याचे वायसर तुम्ही पाहिले आहे ना? दाब वाढेल तसे ते अधिकच घट्ट बसते. तीच ही युक्ती. सिद्धान्त पंडिताचा होता, पण तो अडून राहिला होता वाटीभर चामड्यापाशी!

पुढे हेच तत्त्व शेतात आले. १९३६ साली निघालेल्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर अवजार उचलायला हायड्रॉलिक होते. आज शिरूर-दौंडच्या शिवारात लहान मूलसुद्धा सांगेल, की दांडी ओढली की नांगर वर येतो. ट्रॅक्टरमागे नांगर, तसे नावेमागे इंजिन. उचलणारे बळ एकच.

गुरुजी, हे वर्गात दाखवणे सोपे आहे. एक बारीक आणि एक जाड अशा दोन नव्या पिचकाऱ्या घ्या, सुई न लावता. दोघींना रबरी नळीने जोडा आणि आत पाणी भरा. बारीक पिचकारी दाबली की जाड पिचकारी तिच्याहून मोठे वजन उचलते. हिशेबही घालून द्या. लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर आणि मोठ्याचे २० असेल, तर ५ किलोंच्या भाराने १०० किलो पेलतात. पण मोठा दट्ट्या १ सेंटिमीटर वर यायला लहान दट्ट्या २० सेंटिमीटर दाबावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही! मग मुद्दाम नळीत हवेचा बुडबुडा ठेवून बघा. दट्ट्या मऊ लागेल आणि वजन धड उचलणार नाही. हा बुडबुडा विसरू नका.

नावेवरच्या यंत्रात दोन्हीकडे फिरणारी १२ व्होल्टची विजेची मोटर, छोटा पंप, तेलाची टाकी आणि दांडा असलेले नळकांडे, इतकाच संसार असतो. ट्रिम म्हणजे चालत्या नावेत इंजिनाचा कल थोडासा बदलून नावेचे नाक वरखाली करणे. टिल्ट म्हणजे सबंध इंजिन पाण्याबाहेर काढणे.

आता समजा, नदीकाठच्या एका भाच्याने मुंबईच्या भंगारातून असे यंत्र आणले आणि होडीवाल्या मामापुढे ठेवले.

“मामा, निम्म्याहून कमी पैशात गावलं बघा.”

“पैशाचं मागनं सांग. आधी दांडा सगळा भाईर काढून दाव.”

“रंग तर नवाकोरा हाय की!”

“आरं, रंग कुनीबी देतंय. दांड्यावर नख फिरव. खड्डं लागलं तर ते वायसर फाडनार.”

मामाचे म्हणणे सोळा आणे खरे. समुद्रावरून आलेल्या यंत्राला खारट पाण्याने गंज चढलेला असतो. दांड्यावर खड्डे असले, तर नवे ऑइल सीलही फार दिवस टिकत नाही. टाकीतले तेल काढून बघावे. ताकासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी गेले असे समजावे. मोटर बॅटरीवर लावून दोन्हीकडे फिरवून घ्यावी.

बसवतानाही घाई नको. तुमच्या इंजिनाच्या कंपनीचे आणि मॉडेलचेच यंत्र आहे का, कंसाची रुंदी, खिळीची जाडी आणि दांड्याची चाल तीच आहे का, हे मोजून घ्यावे. बोटभर फरकाने कंस तडकू शकतो. जुने यंत्र काढण्याआधी इंजिनाला साखळी-कप्पीचा भक्कम आधार द्यावा, आणि नुसत्या तेलाच्या भरवशावर उचललेल्या इंजिनाखाली कोणी हात घालू नये. वायर जाड असावी, फ्यूज असावा. तेल कंपनीने सांगितलेलेच भरावे, आणि इंजिन पुष्कळदा वरखाली करून हवा बाहेर काढावी. तोच गुरुजींचा बुडबुडा! मग इंजिन वर उचलून खडूने खूण करावी आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी खुणेखाली उतरलेले दिसले, तर कुठेतरी गळते आहे. यंत्रातली, हाताने इंजिन मोकळे करायची झडपही चालते का ते पाहावे. बॅटरी बसली तर तीच कामाला येते.

वापरताना एवढे सांभाळा, की उथळात इंजिन वर घेतले तरी थंड करणारे पाणी ओढण्याची जाळी पाण्यातच राहिली पाहिजे. नाहीतर इंजिन तापून बसेल. शिवाय यंत्राच्या बळावर चालणाऱ्या नौकांसाठी २०२१चा अंतर्देशीय नौका कायदा आहे. नोंदणी आणि तपासणीची चौकशी केल्याशिवाय उतारू घेऊ नका.

हे सगळे एवढ्या काकुळतीने का सांगतो? २१ मे २०२४ रोजी आपल्याच भीमेवर, उजनीच्या पाण्यात, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. वाऱ्यापुढे कोणत्या यंत्राचे काही चालत नाही. चांगले यंत्र माणसाला उथळातून, दगडातून वाचवील. पण आभाळ बघून नाव काठाला ठेवणे हे नावाड्याचेच काम. वाळूच्या उपशाने पात्रात पडलेले खड्डे आणि बर्ग्यांबरोबर चढणारे-उतरणारे पाणीही यंत्राला दिसत नाही.

तेव्हा वापरलेली वस्तू घेण्यात कमीपणा नाही. आपल्या वाडवडिलांनी गुऱ्हाळाची काहील नदीत घातली आणि माणसे पार केली. पण ती आधी काठाशी पारखली. पास्कलचा सिद्धान्त आपल्या वाटीभर चामड्यासाठी इतकी वर्षे थांबला. तुमची नाव सीलच्या तपासणीसाठी एक रात्र थांबली, तर काय बिघडले?