दुसऱ्याच्या खात्यातली कामगिरी

खेळाडूचं चरित्र म्हटलं की धावा, बळी, शतकं यांच्यापासून सुरुवात करायची, अशी आपली सवय आहे. या पुस्तकात अभ्यासायचे आहेत ते खेळाडू, ज्यांच्या मेहनतीची नोंद बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर झाली.

मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीत वाटा मिळतो. धावफलक अशी वाटणी करत नाही.

क्रिकेटपटू एकनाथ सोलकरांचंच पाहा. वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखत. 1969 ते 1977 या काळात सोलकर 27 कसोटी खेळले. धावा 1068, बळी 18, शतक एकच. एवढंच वाचलं तर ‘उपयुक्त अष्टपैलू’ अशी नोंद करून अभ्यासक पुढे जाईल. पण या 27 कसोट्यांत त्यांनी 53 झेल घेतले आहेत, आणि त्यांची ओळख झाली ती फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या बॅटपासून हातभर अंतरावर, हेल्मेट नसलेल्या काळात. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांची फिरकी एवढी भेदक का ठरली, याचं निम्मं उत्तर मला त्या जागेत दिसतं. चेंडू बॅट-पॅडला लागून जेमतेम उडायचा; तिथे सोलकर नसते तर तो जमिनीवरच पडला असता.

ऑगस्ट 1971 मध्ये ओव्हलवर भारताविरुद्ध इंग्लंडचा दुसरा डाव 101 धावांत आटोपला. चंद्रशेखर यांचे 38 धावांत 6 बळी सगळ्यांना पाठ असतात. त्याच डावात वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर ॲलन नॉटचा झेल सोलकरांनी पुढे झेपावून टिपला. नॉट टिकला असता तर सामना कुठे गेला असता, हा प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे. त्याआधी काही महिने, वेस्ट इंडीजमध्ये, मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी किंग्स्टनला 212 आणि बार्बाडोसला 150 धावा केल्या. किंग्स्टनला भारत 5 बाद 75 होता, बार्बाडोसला 6 बाद 70. दोन्ही वेळा दुसऱ्या टोकाला सोलकर ठाण मांडून होते. त्यांच्या धावा 61 आणि 65. सरदेसाईंच्या त्या खेळी सोलकरांना वगळून सांगताच येत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

बर्फावरच्या हॉकीने मात्र दुसऱ्याच्या नावावर जाणाऱ्या अशा श्रमांची दखल रीतसर घेतली. तिथला विंगर कठड्याशी धडका घेत चकती सोडवतो, गोल बहुधा दुसराच मारतो. नॅशनल हॉकी लीगने 1978 मध्ये बचावात सरस ठरणाऱ्या आघाडीच्या खेळाडूसाठी सेल्की करंडक पहिल्यांदा दिला, आणि माँट्रियलचे लेफ्ट विंगर बॉब गेनी यांनी तो पहिली चारही वर्षं मिळवला. गेनींच्या कारकिर्दीवर लिहिणाऱ्याला निदान हाताशी एक पुरावा आहे.

आपल्याकडे तो गोळा करावा लागेल. गावच्या कबड्डीच्या मॅटवर चढाईपटूचा घोटा धरणारा कोपरारक्षक असतो. त्याच्या हातून निसटणाऱ्याला मागून येऊन दाबणारा साथीदार गुणपत्रिकेत सापडत नाही. तालुक्याच्या वाचनालयातली जुनी दैनिकं, मंडळांच्या वह्या, निवृत्त पंचांच्या मुलाखती इथून सुरुवात करा.

पहिल्या प्रकरणात ओव्हलचा धावफलक दिला आहे. तो आधी गोलंदाजांच्या नावांनी वाचा, मग झेल घेणाऱ्यांच्या.