भिक्षागृहांतील मुख्य परिचारिका

इ. स. १८६५ पूर्वीं लिव्हरपूल येथील भिक्षागृहाच्या रुग्णालयांत निर्धन रोग्यांची शुश्रूषा तेथील निर्धन स्त्रियाच करीत. शिक्षण मुळींच नाहीं, मद्याचा लोभ मात्र पुष्कळींना! त्या वर्षीं विल्यम रॅथबोन ह्या उदार व्यापाऱ्यानें खर्चाचा भार उचलला आणि अॅग्नेस जोन्स ही तरुणी बारा शिक्षित परिचारिकांसह तेथें मुख्य म्हणून आली.

रोगी हजाराहून अधिक. भिक्षागृहांतील सशक्त स्त्रियांना शिकवून परिचारिका करण्याचा तिचा प्रयत्न फसला. गृहाच्या व्यवस्थापकाशीं खटके उडत, ते फ्लॉरेन्स नाइटिंगेल पत्रें लिहून मिटवी. तरीहि तीन वर्षांच्या आंत त्या बेबंद जागेस शिस्त लागली. ही शिस्त नुसत्या हुकमानें येती ना! मुख्य स्वतः रोग्यांच्या खाटांजवळ हिंडत होती, म्हणून ती आली.

पण त्या निष्ठेस विश्रांतीची जोड कोणींच दिली नाहीं. हा दोष केवळ तिचा म्हणतां येणार नाहीं; एकीच्या प्रकृतीवर संस्था चालविणारांचाहि तो होता. फेब्रुवारी १८६८ मध्यें, वयाच्या ३५ व्या वर्षीं, टायफस ज्वरानें तिचा अंत झाला. त्याच वर्षीं नाइटिंगेलनें ‘गुड वर्ड्स’ मासिकांत तिच्यावर लेख लिहिला, आणि तिची जागा घेण्यास शिकून तयार व्हा, असें तरुण स्त्रियांना आवाहन केलें.