ट्रकवरची एरियल फक्त ऐकायची

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला ट्रक बुटीबोरी, हिंगणघाट, पांढरकवडा मागे टाकतो, पैनगंगा ओलांडतो आणि आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. वाराणसी ते कन्याकुमारी असा २,३६९ किलोमीटरचा हा जुना राष्ट्रीय महामार्ग ७. २०१० मध्ये क्रमांक बदलले आणि हा टप्पा ४४ मध्ये गेला. कापसाच्या गाठी, संत्री, धान्य, यंत्रांचे सुटे भाग असं सगळं या रस्त्याने रात्रंदिवस वाहतं.

अमेरिकेतल्या अशाच लांबलचक रस्त्यांवर ट्रकवाल्यांनी सीबी रेडिओला डोक्यावर घेतलं. तिथे १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झचा पट्टा सर्वसामान्यांना बोलण्यासाठी खुला झाला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर वेग ताशी ५५ मैलांवर बांधला गेला, तेव्हा डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत हे सांगायला हा रेडिओ भलताच कामाला आला. १९७७ मध्ये त्याच्या वाहिन्या २३ वरून ४० झाल्या.

पैनगंगेच्या पुलावर यातलं काहीच पोचलं नाही. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांच्या राज्यात परवान्याशिवाय बोलण्याचा प्रश्नच नव्हता. ऐकण्यालाही परवाना लागायचा. त्याचं पुस्तक घेऊन पोस्टात जायचं, वर्षाची फी भरायची आणि शिक्का मारून घ्यायचा. ही रीत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. त्यामुळे या रस्त्यावरच्या एरियलने पिढ्यान्‌पिढ्या एकच काम केलं, ते म्हणजे ऐकण्याचं.

पण ऐकणं तरी कुठे सोपं होतं? मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर. नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर, म्हणजे त्याची एक लहर पाचशे मीटरांहून लांब. तिच्यापुढे बॉनेटजवळची हातभर काडी म्हणजे काहीच नाही. ही उणीव रेडिओच्या पेटीत भरून काढावी लागे. एरियलची वायर जिथे खुपसतात, तिथेच बहुधा एक बारीक भोक असे आणि आत एक स्क्रू. जाणकार मेकॅनिक काडी पूर्ण वर ओढायचा, १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादं क्षीण स्टेशन लावायचा आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा. आवाज सर्वांत मोठा झाला की हात काढायचा. स्टेशन मुद्दाम क्षीणच घ्यायचं, कारण जोरकस स्टेशनवर फरक कानाला कळत नाही. एरियल किंवा तिची वायर बदलली की हा खटाटोप पुन्हा करावा लागे.

खरखरीच्या बाबतीत ट्रकवाला मोटारवाल्यापेक्षा नशीबवान. पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओत तडतडते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. उरतो तो डायनामोचा सूर, आणि त्यावर कंडेन्सर बसवला की तोही बराच दबतो.

काडी कुठलं स्टेशन धरायची, यात जिल्ह्याचा इतिहास आहे. आदिलाबाद निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्याचं डेक्कन रेडिओ हे केंद्र १९३५ मध्ये सरकारी झालं, तेव्हा त्याचं प्रक्षेपक अवघं २०० वॅटचं होतं. उत्तरेला नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं. पुढच्या दोनच महिन्यांत हैदराबादेत भारतीय फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली, तीही रेडिओवरूनच. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादमधून मुंबई राज्यात गेले. तरीही बेला, जैनथ, तामसी, बोथ या पट्ट्यात मराठी बोलणारी गावं राहिलीच. सीमारेषा हलली, पण नागपूरच्या लहरींना तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

१९८६ मध्ये आदिलाबादला स्वतःचं आकाशवाणी केंद्र मिळालं, एफएमवर, १००.२ मेगाहर्ट्झ. तेलुगूबरोबर गोंडी, कोलामी आणि मराठीही त्यावरून ऐकू येऊ लागली. इथे काडीचं गणितच पालटलं. या लहरीची लांबी तीन मीटर आणि तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर, म्हणजे साधारण गाडीवरच्या एरियलएवढाच. स्क्रू फिरवायची गरज संपली. मात्र एफएमची लहर सरळ रेषेत जाते. निर्मळच्या अलीकडे महबूब घाटासारख्या ठिकाणी डोंगर आडवा आला की गाणं तुटतं, तिथे काडी कितीही ओढून उपयोग नाही.

रात्रीची सोय वेगळीच होती. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीचा राष्ट्रीय चॅनल सुरू झाला. त्याचं १,००० किलोवॅटचं प्रक्षेपक नागपूरला, १५६६ किलोहर्ट्झवर. अंधार पडला की मध्यम लहरी वरच्या वातावरणावरून परावर्तित होऊन दूरवर उतरतात, म्हणून रात्रभर स्टिअरिंग धरणाऱ्यांना हे एकच स्टेशन लांबपर्यंत साथ देऊ शकत होतं. २०१९ च्या सुरुवातीला ते बंद झालं.

बोलण्याची मुभा आली ती २००५ मध्ये. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंतच्या संचांना परवान्यातून सूट मिळाली. तोवर ड्रायव्हरच्या खिशात मोबाइल पोचला होता. शिवाय ही सूट अमेरिकेच्या मापाची नाही. तिथल्या ४० वाहिन्यांपैकी २७ वी २७.२७५ वर आहे आणि २८ वी २७.२८५ वर. म्हणजे आपली हद्द २७ व्या वाहिनीपाशीच संपते.

सीबीच्या एरियलचे नखरे ऐकण्याच्या एरियलपेक्षा जास्त. २७ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे अकरा मीटरांच्या लहरीचा चौथा हिस्सा पावणेतीन मीटर, जवळजवळ नऊ फूट. एवढी काठी ट्रकच्या टपावर उभी केली तर ती रस्त्याकडेच्या कडुनिंबात नाहीतर विजेच्या तारेत अडकायची. म्हणून काडी आखूड ठेवून तिच्यात तारेची गुंडाळी घालतात. पल्ला थोडा कमी होतो. काडीखालचा पत्रा हा एरियलचाच अर्धा भाग असतो, त्यामुळे टपाचा मध्य ही उत्तम जागा. आपल्या जुन्या ट्रकचं केबिन म्हणजे लाकडी सांगाडा आणि वर पत्र्याचे तुकडे. असे तुकडे आपसात आणि चासीशी तारेने जोडल्याशिवाय काडी नीट चालत नाही.

मग जुळणी. संच आणि एरियल यांच्यामध्ये एसडब्ल्यूआर मीटर लावून मोकळ्या मैदानात, दारं मिटून मोजायचं. परत फिरणारी शक्ती हा मीटर दाखवतो. आकडा दीडच्या आत आला तर छान, तीनच्या वर गेला तर संचाच्या जिवाला धोका. अमेरिकी पुस्तिका पहिल्या आणि चाळिसाव्या वाहिनीवर मोजायला सांगतात, पण आपल्याकडे पहिली आणि सत्ताविसावी पुरे. वरच्या वाहिनीवर आकडा जास्त आला तर काडी लांब आहे, खालच्या वाहिनीवर जास्त आला तर आखूड. आखूड करताना दरवेळी दोन-तीन मिलिमीटरच कापायचे.

कायद्याचा पहारा अजून उठलेला नाही. परवाना नसलेल्या वॉकी-टॉकींच्या ऑनलाइन विक्रीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा पाठवल्या आणि अशा संचांची फ्रिक्वेन्सी व मंजुरी जाहिरातीतच सांगण्याचे नियम काढले.