जोग, प्रभाकर

(२५ डिसेंबर १९३२ – ३१ ऑक्टोबर २०२१). मराठी व्हायोलिनवादक, संगीत संयोजक व संगीतकार. जन्म हरेगाव (तत्कालीन अहमदनगर जिल्हा) येथे. गजाननराव जोशी आणि नारायणराव मारुलकर यांच्याकडे त्यांनी संगीताचे धडे घेतले. बाराव्या वर्षापासूनच ते पुण्यातल्या वाड्यांमधून व्हायोलिन वाजवू लागले. बिदागी सव्वा रुपया आणि नारळ.

संगीतकार सुधीर फडके यांच्याकडे त्यांनी अनेक वर्षे सहायक म्हणून काम केले. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर गाजलेल्या ‘गीतरामायणा’त आणि पुढे त्याच्या शेकडो कार्यक्रमांत फडक्यांच्या साथीला त्यांचे व्हायोलिन होते. ‘सहायक’ हा शब्द या कामाला फारच तोकडा पडतो. संगीतकार चाल देतो. दोन कडव्यांमधली जागा कशाने भरायची, बासरी कुठे थांबवायची, व्हायोलिनचा ताफा कुठे उचलायचा, प्रत्येकाच्या हाती कोणते नोटेशन द्यायचे, हे सहायक, म्हणजेच संयोजक, ठरवतो. त्या काळी गायक आणि वादक एकत्रच ध्वनिमुद्रण करत. एकाचा सूर चुकला की सगळे गाणे पुन्हा पहिल्यापासून. श्रोता गुणगुणतो त्यातले कितीतरी तुकडे या संयोजकांचे असतात, नाव मात्र तबकडीवर क्वचितच येई.

मुंबईच्या स्टुडिओंत हिंदी चित्रपटगीतांसाठीही जोगांनी भरपूर वाजवले. संगीतकार म्हणून त्यांनी मराठी चित्रपट केले. तरी त्यांची खरी ओळख भावगीतांतच पटते. ग. दि. माडगूळकरांचे ‘लपविलास तू हिरवा चाफा’ (गायिका मालती पांडे) आणि यशवंत देवांचे ‘स्वर आले दुरुनी’ (गायक सुधीर फडके) या गीतांच्या चाली जोगांच्या.

मात्र घराघरांत पोचले ते ‘गाणारे व्हायोलिन’. लोकप्रिय गीते त्यांनी नुसत्या व्हायोलिनवर अशी वाजवली की शब्द ऐकू आल्याचा भास व्हावा. त्यामागे गज हाताळण्याची शिस्त होती. नवे अक्षर सुरू होते तिथे गज पालटायचा, एकाच स्वरावर लांबणाऱ्या अक्षरात तो तुटू द्यायचा नाही, गायक श्वास घेतो तिथे आपणही थांबायचे. तयारी दाखवण्याचा मोह त्यांनी टाळला. म्हणूनच गाणे माहीत नसलेल्याला हे वादन साधे वाटते, माहीत असलेला मात्र सोबत गाऊ लागतो.

महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना मिळाला. आत्मचरित्र : ‘स्वर आले दुरुनी’.