जन्मभूमीचा निवाडा : फेरेंत्स पुश्काश

जन्मभूमी आणि कर्मभूमी एकाच ठिकाणी असावी, हे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मूळ गावापासून दूर नांदलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको. परंतु देश सोडून गेलेला मनुष्य देशाला कायमचा अंतरला, असा निवाडा जग फार लवकर करून मोकळे होते. हा निवाडा कितपत टिकतो, हे पाहावयाचे असल्यास हंगेरीचा विख्यात फुटबॉलपटू फेरेंत्स पुश्काश याचे चरित्र डोळ्यांपुढे आणावे.

पुश्काशचा जन्म 1927 साली बुडापेस्ट येथे झाला. शहराच्या कडेला असलेल्या किश्पेश्त या कष्टकरी लोकांच्या वस्तीत तो वाढला. वडील स्वतः फुटबॉल खेळणारे. शेजारच्या घरी योझेफ बोझिक नावाचा, त्याच्याहून थोडा मोठा मुलगा होता. दोघांची मैत्री जडली ती चेंडूच्या संगतीने, आणि दोघेही एकाच संघातून पुढे आले. वयाच्या अठराव्या वर्षी, 1945 मध्ये, पुश्काश राष्ट्रीय संघातून खेळू लागला. महायुद्धानंतर हंगेरीत साम्यवादी राजवट स्थिरावली. किश्पेश्तचा संघ सैन्याच्या ताब्यात गेला आणि त्याचे नाव 'होन्वेद' म्हणजे 'देशरक्षक' असे ठेवण्यात आले. खेळाडूंना लष्करी हुद्दे मिळाले. पुश्काश मेजर झाला.

या खेळाडूंनी हंगेरीचे नाव जगभर गाजविले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्या युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा धुव्वा उडविला, त्याच युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात 2-0 असे नमवून हंगेरीने सुवर्णपदक मिळविले. पुढील वर्षी, 25 नोव्हेंबर 1953 रोजी, लंडनच्या वेंब्ली मैदानावर एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यांनी इंग्लंडचा 6-3 असा पराभव केला. ब्रिटिश बेटांबाहेरील संघाकडून इंग्लंडने घरच्या मैदानावर हार खाण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्या सामन्यात पुश्काशने पायाच्या तळव्याने चेंडू मागे ओढला, अडवावयास धावून आलेला इंग्लंडचा कर्णधार बिली राइट रिकाम्या जागेवर घसरत गेला, आणि क्षणार्धात चेंडू जाळ्यात जाऊन पडला. 1954 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मात्र दोन गोलांची आघाडी घेऊनही हंगेरी पश्चिम जर्मनीकडून 3-2 अशी हरली. दुखावलेल्या घोट्यानिशी खेळणाऱ्या पुश्काशने त्यातही एक गोल केला होता. तरीही बुडापेस्टमध्ये लोक संतापून रस्त्यावर उतरले. लोकप्रेमाला किती लवकर ओहोटी लागते, याचा अनुभव त्याला देशत्यागापूर्वीच आला.

ऑक्टोबर 1956 मध्ये बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. होन्वेद संघ त्या सुमारास युरोपीय चषकाच्या सामन्यासाठी परदेशी होता. हंगेरीने मेलबर्न ऑलिंपिकमधून आपला फुटबॉल संघ मागे घेतला. पहिल्या फेरीत त्याची गाठ भारताशी पडावयाची होती. ती टळल्याने भारत थेट पुढील फेरीत गेला. तेथे 1 डिसेंबर रोजी मूळच्या गोमंतकीय नेव्हिल डिसोझांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताला चौथ्या स्थानाची वाट मोकळी झाली. एका राष्ट्राच्या दुःखाचा धागा दुसऱ्याच्या आनंदात असा गुंफला जातो.

होन्वेदचे खेळाडू पुढे ब्राझीलपर्यंत दौरा करून आले, आणि मग प्रत्येकापुढे प्रश्न उभा राहिला : परतावे की न परतावे? बोझिक परतला. पुश्काश परतला नाही. त्याची पत्नी व लहान कन्या सीमा ओलांडून त्याला येऊन मिळाल्या होत्या. 'देशरक्षक' संघाचा मेजर आता राजवटीच्या लेखी पळपुटा ठरला. खेळण्यावर बंदी आली. सरावाअभावी शरीर सुटले. पुश्काश संपला, असे अनेकांना वाटले.

1958 साली, एकतीस वर्षांच्या त्या स्थूल खेळाडूला स्पेनच्या रेआल माद्रिदने जवळ केले. 18 मे 1960 रोजी ग्लासगो येथील युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात माद्रिदने फ्रँकफुर्टच्या संघाला 7-3 असे हरविले. सातांपैकी चार गोल एकट्या पुश्काशचे. स्पेनच्या साखळी स्पर्धेत सर्वाधिक गोल करण्याचा मान त्याने चार वेळा मिळविला. हंगेरीसाठी 85 सामन्यांत 84 गोल करणारा हा वीर 1962 च्या विश्वचषकात स्पेनच्या वतीने उतरला. पण राष्ट्रीय संघाच्या त्या नव्या वेषात त्याच्या नावावर एकही गोल लागला नाही.

1966 मध्ये खेळणे थांबले, भ्रमंती थांबली नाही. प्रशिक्षक म्हणून त्याने अनेक देश पाहिले. ग्रीसच्या पानाथिनाइकोस संघाला त्याने 1971 मध्ये युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. तो सामना वेंब्लीवरच झाला. त्यात आयाक्सने विजय मिळविला.

1981 साली, पंचवीस वर्षांनी, त्याचे पाऊल पुन्हा बुडापेस्टला लागले. ज्याच्याबरोबर बालपणी चेंडू खेळला, तो बोझिक मात्र 1978 मध्येच निवर्तला होता. राजवट पालटल्यावर पुश्काश मायदेशी कायमचा राहावयास आला. 2002 मध्ये देशाच्या मुख्य क्रीडांगणाला त्याचे नाव देण्यात आले. परंतु तोवर स्मृतिभ्रंशाच्या व्याधीने त्याला ग्रासले होते; देशाने सन्मान केला, तेव्हा तो कितपत उमगला असेल, कोण जाणे! 17 नोव्हेंबर 2006 रोजी त्याचे निधन झाले, आणि बुडापेस्टच्या सेंट स्टीफन महामंदिरात त्याला चिरविश्रांती मिळाली.

आज किश्पेश्तचे मैदान बोझिकच्या नावाने ओळखले जाते आणि राष्ट्राचे मैदान पुश्काशच्या. शेजारच्या घरांतील दोन मुले. एक घरी परतला, दुसरा परदेशी राहिला. राज्यकर्त्यांनी एकाला निष्ठावंत आणि दुसऱ्याला पळपुटा ठरविले होते. मातृभूमीने अखेर दोघांनाही आपले म्हटले. निवाडा देण्याचा अधिकार तिचा, आणि तो द्यावयास ती राज्यकर्त्यांपेक्षा अधिक वेळ घेते.