आरमारातला कारागीर



कोल्हापूर हे समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेले नगर. तेथे आरमाराची गोष्ट काढली की ऐकणाऱ्यास नवल वाटते. वस्तुतः कोल्हापूरच्या छत्रपतींचे स्वतःचे आरमार होते व मालवण हे त्याचे ठाणे. शिवछत्रपतींनी १६६४ साली तेथे पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग पुढे कोल्हापूरकरांकडे आला. १७६५ साली इंग्रजांनी तो जिंकून त्यास फोर्ट ऑगस्टस हे नाव दिले. परंतु लौकरच तो त्यांना परत करावा लागला. अखेर १८१२ च्या तहान्वये मालवण बंदर व तेथील किल्ले इंग्रजांकडे गेले आणि करवीरचा समुद्राशी असलेला राजकीय संबंध तुटला.

या इतिहासात सरदारांची नावे येतात. गलबताच्या फळ्या जोडणारा सुतार, नांगर घडविणारा लोहार, शीड शिवणारा कारागीर यांची नावे क्वचितच येतात. हेच पुढे आपल्या काळाजवळही घडले.

१९३४ साली रॉयल इंडियन नेव्ही हे नाव धारण केलेल्या आरमारात, १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा, दोन हजारही माणसे नव्हती. १९४५ पर्यंत ती पंचवीस हजारांवर गेली. पूर्वी मुख्यतः रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे व पंजाबकडचे तरुण घेतले जात. आता देशभरातून भरती झाली. आगबोट केवळ धैर्याने चालत नाही. तिला इंजिनाचा मिस्त्री लागतो, विजेचा जाणकार लागतो, बिनतारी संदेश घेणारा लागतो. यंत्रज्ञांच्या शिक्षणासाठी १५ फेब्रुवारी १९४५ रोजी लोणावळ्यास जी संस्था उघडली, तिला शिवाजी हेच नाव देण्यात आले.

ही माणसे नुसती हत्यारे घासत बसली नव्हती. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात 'बंगाल' नावाची लहानशी लढाऊ बोट 'ओंदिना' या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीस असता दोन जपानी जहाजांशी तिची गाठ पडली. बंगालवर मुख्य तोफ एकच होती. तरीही एक जपानी जहाज बुडाले, दुसरे निघून गेले आणि आपली बोट बंदरास सुखरूप लागली.

युद्ध संपताच नोकरकपातीची छाया पडली. अन्न निकृष्ट, वागणूक अपमानास्पद आणि पुढे काय, याचे उत्तर नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या 'तलवार' या संदेशविद्येच्या केंद्रात नाविकांनी काम थांबविले. पाहता पाहता ते लोण कराचीपर्यंत पोहोचले. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेस नाविकांनी शरणागती दिली. चारशेहून अधिकांना कामावरून काढण्यात आले. पुढे भारत व पाकिस्तान दोन्ही स्वतंत्र झाले. परंतु या माणसांना परत घेण्यास दोन्हीकडचे आरमार तयार झाले नाही.

ज्याच्या पदरात चांगल्या वर्तणुकीचा दाखला नव्हता, त्याच्याजवळ हाताचे कसब तेवढे होते. ते कसब सरकारास हिरावून घेता आले नाही. गावी एखादे दुकान टाकणे, पंप दुरुस्त करणे, रेडिओ उघडून पाहणे एवढीच वाट अशा माणसासमोर राहिली. कोल्हापूर तर मिस्त्रीला मान देणारे गाव. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास चलच्चित्राचा कॅमेरा येथेच बनविला. ज्या गावी ओतकाम व इंजिने यांचा धंदा वाढला, तेथे कसबी माणसास काम मिळत होते, जात वा दाखला विचारल्यावाचून असे मात्र म्हणवत नाही.

कुलाब्यास २००१ साली या उठावाचे स्मारक उभारले गेले. ते योग्यच झाले. तथापि स्मारक हे सर्वांचे असते. एकेका माणसाचे नसते. एकेका माणसाचा इतिहास घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत असतो. डिस्चार्जचा कागद, बोटीचे नाव कोरलेली टोपीची पट्टी, एखादे छायाचित्र. आपल्या कुटुंबातील कोणी त्या आरमारात असेल तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती ट्रंक एकदा उघडावी. बोटीचे नाव व वर्ष निराळ्या कागदावर लिहून ठेवावे. दुकानाच्या पाटीवरील नावाखाली एका योद्ध्याचे नाव दडलेले असेल, आणि ते जतन करणारा दुसरा कोणी येणार नाही.