पत्र्याची परीक्षा : ब्रिटनमधील जुन्या स्पोर्ट्‌स कूपेच्या खरेदीचा इतिहास

दोन दारे, पक्के छत आणि मागे उतरत गेलेली पाठ असलेल्या छोटेखानी मोटारीला कूपे म्हणतात, आणि ही घडण वेगवान मोटारीच्या यंत्रणेवर चढवली की ती स्पोर्ट्‌स कूपे होते. ब्रिटनमध्ये अशा मोटारी १९६० च्या दशकात मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या, पुढच्या दशकात त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या, आणि जुनी कूपे विकत घेण्यापूर्वी तिची पारख कशी करावी याचे एक लोकविद्येसारखे शास्त्र तेथे घडत गेले. या शास्त्राचा इतिहास बहुधा इंजिनांच्या इतिहासात बुडवून टाकला जातो, परंतु त्यातले खरे स्थित्यंतर इंजिनात झालेले नाही. खरेदीदाराचे लक्ष इंजिनाच्या आवाजावरून पत्र्याच्या आतल्या पोकळीकडे वळले, आणि कायदा, व्यापार व सुट्या भागांचा उद्योग हे सारे त्या वळणामागून आले.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारीची रचना दोन वेगळ्या भागांची होती. खाली पोलादी तुळयांची चौकट, म्हणजे चेसिस, आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी. एमजी कंपनीच्या ‘टी’ मालिकेतील मोटारींत तर बॉडीचा आतला सांगाडा अ‍ॅश नावाच्या लाकडाचा असे आणि पत्रा त्यावर ठोकलेला असे. अशा मोटारीत दार लोंबू लागले तर लाकूड कुजले एवढाच त्याचा अर्थ होई; ते सुताराचे काम असे, मोटार त्यामुळे मरत नसे. म्हणून जाणकार खरेदीदार आपली सारी बुद्धी यंत्रावर खर्च करीत. सुरू करण्याच्या हँडलने इंजिन हाताने फिरवून प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब सारखा आहे का हे पाहणे, गाडी उतारावर सोडून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच निळा धूर येतो का हे पाहणे, तेलाच्या दाबाचा काटा इंजिन तापल्यावर कुठे स्थिरावतो हे पाहणे, अशी ही परीक्षा होती. निळा धूर म्हणजे जळणारे तेल, आणि जळणारे तेल म्हणजे झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या नळ्या, हे ज्ञान गॅरेजांतून आपोआप पसरलेले होते.

१९६२ च्या सप्टेंबरात एमजीने ‘एमजीबी’ ही उघडी मोटार बाजारात आणली आणि १९६५ च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनात तिचे छतवाले रूप, ‘एमजीबी जीटी’, मांडले. जीटी म्हणजे ग्रँड टूरिंग, अर्थात लांबच्या प्रवासाला योग्य अशी वेगवान मोटार. सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली आखलेल्या मूळ मोटारीवर इटलीतील पिनिनफारिना या संस्थेने छताची रेषा घडवून दिली, आणि तीत मागच्या काचेसह वर उघडणारे दार, १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन व सामान ठेवण्यास भरपूर जागा असल्यामुळे ती कौटुंबिक गरज आणि वेगाची हौस यांच्यामधली तडजोड ठरली. १९८० च्या ऑक्टोबरात एमजीचा एबिंग्डन येथील कारखाना बंद होईपर्यंत सर्व प्रकारच्या मिळून पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या आणि त्यांपैकी सुमारे सव्वा लाख जीटी होत्या. जुन्या कूपेची पारख या विषयाचा विचार करताना हीच मोटार समोर ठेवणे योग्य ठरते, कारण इतक्या मोठ्या संख्येने, इतक्या सामान्य खरेदीदारांच्या हातांतून आणि इतकी वर्षे फिरलेली ब्रिटिश स्पोर्ट्‌स कूपे दुर्मीळच आहे.

या मोटारीला स्वतंत्र चेसिस नव्हती. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा होता. पातळ पत्रे दाबून, वळवून आणि एकमेकांना ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड करून बनवलेल्या या रचनेला मोनोकॉक म्हणतात, आणि तिचे बळ एखाद्या जाड तुळईत नसून पत्र्यांनी बंदिस्त केलेल्या पोकळ पेट्यांमध्ये असते. एमजीबीत यांतली सर्वांत महत्त्वाची पेटी म्हणजे सिल, दाराच्या खालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत धावणारा भाग. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, त्या दोहोंमध्ये उभा असलेला पडदा आणि खालची किल्ल्याच्या तटासारख्या छेदाची पट्टी, जिला कारागीर ‘कॅसल रेल’ म्हणत, अशा चार घटकांची ही पेटी पुढच्या आणि मागच्या चाकांमधला भार वाहते. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून ब्रिटनच्या रस्त्यांवर मीठ टाकले जाते. चाकाने उडवलेला खारट चिखल पुढच्या मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात साचून राहतो, तेथून ओल सिलच्या आत शिरते, आणि पत्रा आतून बाहेर गंजत येतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गाड्या वापरणाऱ्या कोकणातील वाचकाला ही प्रक्रिया वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. बाहेरच्या रंगाला फोड दिसू लागतो तेव्हा आतले नुकसान बहुधा बरेच पुढे गेलेले असते, आणि खरेदीदाराच्या दृष्टीने नेमकी हीच गोष्ट नवी व अवघड होती. इंजिन आपला दोष आवाजाने आणि धुराने सांगते. बंद पेटी काहीच सांगत नाही.

ही अडचण केवळ एमजीची नव्हती, पण प्रत्येक मोटारीत तिची जागा निराळी होती. १९६६ मध्ये आलेली ट्रायम्फ जीटी-६ अजूनही स्वतंत्र चेसिसवर उभी होती, त्यामुळे तिची बॉडी सडली तरी खालचा कणा शाबूत असू शकत असे. रिलायंट सिमिटर जीटीई हिची बॉडी फायबरग्लासची, जी गंजतच नाही, आणि म्हणूनच तिच्याखाली गंजणाऱ्या पोलादी चेसिसकडे खरेदीदाराचे सहज दुर्लक्ष होई. १९६९ च्या फोर्ड काप्रीत पुढचे सस्पेन्शन मॅकफर्सन पद्धतीचे, म्हणजे एका उभ्या खांबावर भार पेलून तो खांब आतल्या मडगार्डच्या माथ्याला अडकवणारे होते. तो माथा गंजला की चाकाचा भार कशावर ठेवायचा हाच प्रश्न उभा राहतो. काप्री पाहताना बॉनेट उघडायचे ते इंजिनासाठी नव्हे, त्या माथ्यांसाठी, हा नियम त्यामुळे रूढ झाला.

कायदा या ज्ञानाच्या मागे राहिला. ब्रिटनमध्ये जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी १९६० मध्ये अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना सुरू झाली आणि वाहतूक मंत्रालयाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एमओटी हे नाव पडले. प्रारंभी ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांनाच लागू होती आणि तीत ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढेच पाहिले जाई. नापास होणाऱ्या गाड्यांचे प्रमाण पाहून ही मुदत लवकरच सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणण्यात आली, त्यानंतर टायरांचाही समावेश झाला. पण बॉडीच्या रचनेची तपासणी सुरू होण्यास १९७७ उजाडावे लागले. म्हणजे मोनोकॉक मोटारींच्या पहिल्या मोठ्या पिढीने आपले सारे उमेदीचे आयुष्य अशा तपासणीत काढले जिला त्यांचे मर्मस्थानच माहीत नव्हते. १९७७ नंतर सस्पेन्शन, स्टिअरिंग किंवा सीट-बेल्ट जेथे अडकवलेले असतात त्याच्या आसपासचा पत्रा भक्कम असणे बंधनकारक झाले, आणि एका प्रमाणपत्राने गाडीची बाजारातली किंमत ठरू लागली. दीर्घ मुदतीचे प्रमाणपत्र असलेली गाडी आणि मुदत संपलेली गाडी यांच्या किमतींत मोठी तफावत पडू लागली, आणि त्या तफावतीतून एक वाईट कारागिरीही जन्माला आली.

ती कारागिरी म्हणजे सडलेल्या सिलवर नव्या पातळ पत्र्याचे पांघरूण घालणे. त्याआधी खरेदीदाराचे आवडते साधन चुंबक होते: भोके पुटीने बुजवून वर रंग दिलेला असेल तर तेथे चुंबक चिकटत नाही, हे साधे तत्त्व. पांघरुणाच्या पत्र्याने हे साधन निकामी केले, कारण चुंबक नव्या पोलादाला घट्ट चिकटे आणि आत मात्र गंजाचा भुगा असे. येथे पारख पुन्हा एक पायरी वर गेली. एमजीबीचा मूळ बाहेरचा सिल पुढच्या मडगार्डच्या खाली आणि मागच्या मडगार्डच्या आत शिरलेला असतो, त्यामुळे तो खरोखर बदलायचा तर पुढचे मडगार्ड सोडवावे लागते आणि मागच्याचा खालचा भाग कापून पुन्हा जोडावा लागतो. जेथे नव्या पत्र्याची कड दाराच्या चौकटीपाशीच संपते तेथे काम वरवरचे झाले आहे, हे जाणकाराने डोळ्यांनी ओळखायचे. उघड्या एमजीबीत सिल खचले की मधला भाग वाकून दार अडकू लागते, आणि जॅक लावून गाडी उचलली असता दाराच्या फटी बदलतात. जीटीत मात्र छत काही भार उचलून धरते, म्हणून तेच लक्षण उशिरा दिसते. छत हे बळ खरे, पण परीक्षकासाठी तो एक बुरखाही आहे. दारावर त्रिकोणी काचेच्या खाली पडणारी चीर, पुढच्या काचेच्या मुळाशी झिरपणारे पाणी, चाक वर-खाली धरून हलवले असता किंगपिनमध्ये, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीवर वळते तीमध्ये, जाणवणारा खुळखुळाट, ही सारी लक्षणे नंतरच्या मार्गदर्शक लेखांत स्थिरावली. १९७३ आणि १९८० मध्ये अनुक्रमे सुरू झालेल्या ‘थरोब्रेड अँड क्लासिक कार्स’ आणि ‘प्रॅक्टिकल क्लासिक्स’ यांसारख्या मासिकांनी हे गॅरेजचे ज्ञान छापील केले.

गाडी कशी आहे यासोबत ती कोणाची आहे हा प्रश्नही या इतिहासात गुंतलेला आहे. ब्रिटनमध्ये मोटारी मोठ्या प्रमाणावर भाडेखरेदीने, म्हणजे शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी पतपुरवठादाराकडे ठेवणाऱ्या कराराने, घेतल्या जात. हप्ते थकलेली गाडी परस्पर विकली गेली तर नव्या खरेदीदाराच्या हातून ती जप्त होण्याचा धोका असे. अशा करारांची नोंद ठेवण्यासाठी १९३८ मध्ये एचपीआय ही नोंदसंस्था उभी राहिली, आणि १९६४ च्या भाडेखरेदी कायद्याने प्रामाणिकपणे व्यवहार करणाऱ्या खाजगी खरेदीदाराला संरक्षण दिले. मैल दाखवणारा मीटर मागे फिरवण्याचा धंदा १९६८ च्या व्यापारी वर्णनविषयक कायद्याने खटल्याच्या कक्षेत आणला. तरी लाखाच्या टप्प्यावर पुन्हा शून्यापासून सुरू होणाऱ्या पाच आकडी मीटरवर जाणकारांनी कधीच विश्वास ठेवला नाही, आणि पेडलांवरील रबर व आसनाची झीज हेच अधिक खरे साक्षीदार मानले. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये नेमका जुन्या मोटारींचाच बाजार उदाहरणादाखल घेऊन दाखवले की विक्रेत्याला दोष माहीत असतो आणि ग्राहकाला नसतो तेव्हा ग्राहक सरासरी किमतीहून अधिक देण्यास कचरतो, आणि त्यामुळे चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून बाहेर पडतात. २००१ मध्ये त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे हे काम होते. सिलच्या पांघरुणाचा इतिहास या सिद्धांताचे जिवंत उदाहरण आहे.

१९८८ मध्ये या कथेला वेगळेच वळण मिळाले. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साच्यांचा वापर करून उघड्या एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी बनवण्यास प्रारंभ केला, आणि सडलेल्या गाडीतील इंजिन, आसने व तारा काढून नव्या सांगाड्यात बसवणे शक्य झाले. आता प्रश्न पत्रा शाबूत आहे का यापुरता उरला नाही. जिच्यात पत्राच नवा आहे तिला १९६० च्या दशकातली गाडी कशाच्या आधारे म्हणायचे, हा प्रश्न पुढे आला. १९९६ मध्ये पंचवीस वर्षांहून जुन्या मोटारींना रस्ताकरातून सूट मिळाली आणि १९९८ मध्ये ती १९७३ पूर्वीच्या गाड्यांपुरती गोठवली गेल्यावर बनण्याचे वर्ष हीच किमतीची बाब ठरली, त्यामुळे बॉनेटखाली रिव्हेटनी बसवलेली क्रमांकपट्टी, नोंदणीचे कागद आणि कारखान्याच्या नोंदवह्या ताडून पाहणे हा पारखीचा अविभाज्य भाग बनला. या नोंदवह्या आज गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जतन केलेल्या असून त्यांच्या आधारे मूळ रंग, इंजिन क्रमांक आणि कारखान्यातून निघाल्याची तारीख सांगणारे प्रमाणपत्र मिळते. १९७३ ते १९७६ या काळात कारखान्याने रोव्हरचे ३५२८ सीसीचे व्ही-८ इंजिन बसवून केवळ २५९१ जीटी बनवल्या होत्या, आणि तसेच इंजिन खाजगी गॅरेजांनीही अनेक गाड्यांत बसवले. अस्सल आणि रूपांतरित यांतला भेद या कागदांवाचून कळत नाही.

२०१८ च्या मे महिन्यापासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या मोटारींना एमओटी तपासणी सक्तीची राहिलेली नाही, मात्र गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित असण्याची जबाबदारी मालकावर कायम आहे. या सवलतीचे सर्वांनी स्वागत केले नाही, आणि त्याला कारण आहे, कारण खरेदीदाराचा एक तटस्थ साक्षीदार तिने दूर केला. अनेक मालक आजही स्वेच्छेने गाडी तपासून घेतात, आणि २००५ नंतरच्या तपासण्यांच्या नोंदी संगणकावर कोणालाही पाहता येत असल्याने कोणत्या वर्षी कोणता भाग नापास झाला व किती मैल नोंदले गेले हे जुळवून पाहता येते. त्याखेरीज दुरुस्तीच्या वेळी बाहेरचा पत्रा कापून काढल्यावर सिलच्या आतील पडदा आणि कॅसल रेल यांची घेतलेली छायाचित्रे विक्रेत्याकडे मागण्याची पद्धत आता एमजीच्या खरेदीदारांत रूढ झाली असून, ती छायाचित्रे नसतील तर चकाकत्या रंगाची गाडीही खालून पेटी उघडल्याशिवाय घेऊ नये असे जाणकार मानतात.